फुटतूट वहीत 'कारण' लिहिणाऱ्या मामांना

प्रिय मामा,

निरोप समारंभात संस्थाचालकांचा सत्कार झाला, पाहुण्यांचा झाला, मंडपवाल्याचाही झाला. प्रयोगशाळेच्या परिचराचं, म्हणजे तुमचं, नाव कुणाच्या चिठ्ठीत नव्हतं. म्हणून हे पत्र उघड लिहितोय, गावानं वाचावं म्हणून.

आमची बॅच फेब्रुवारी-मार्च 2026ची. पाचवीचं बरंचसं वर्ष मोबाईलवर गेलं, तेही ज्याच्या घरी मोबाईल होता त्याचं. पुढं शाळा भरली, तरी 'प्रयोगशाळा' अशी पाटी असलेली खोली आम्हाला खिडकीतूनच माहीत. आत पोषण आहाराच्या तांदळाची पोती, गॅदरिंगचे पडदे आणि एक हात गळालेला सांगाडा. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर 40-40 गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 गुण वर्षानुवर्षं प्रयोगवहीच्या जिवावर मिळत आले, आणि प्रयोगवही म्हणजे आधीच्या बॅचची उतरवलेली. ओहमच्या नियमाचे आकडे अख्ख्या वर्गाचे सारखे, अगदी दशांशासकट. तपासायला येणाऱ्यांचे चहा-पोहे वेळेवर झाले की कार्यक्रम आटोपला. ती खोली उघडणं ज्यांचं काम होतं, त्यांचा पगार मात्र दर महिन्याला होत होता. नावं लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल.

तुम्ही संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून बदलून आलात आणि पोती व्हरांड्यात काढलीत. त्यावरून काय काय ऐकून घेतलंत ते आमच्या कानावर आहे, ते इथं उगाळत नाही. आम्हाला बोलायचंय एका रेघेबद्दल.

काचसामानाची फुटतूट वही असते. तारीख, वस्तू, नग आणि शेवटच्या रकान्यात फोडणाऱ्याचं नाव. नाव लागलं की भरपाई आली, भरपाई म्हणजे घरी बोलणी. कापूस विकून फी भरणाऱ्या घरात बीकरची किंमत कशी सांगायची? त्यापेक्षा हात न लावलेला बरा. पुढच्या बाकावरचा एखादा प्रयोग करणार, बाकीचे माना उंच करून बघणार. तुम्ही 'नाव' या शब्दावर पट्टी ठेवून रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, 'कारण'. ऑफिसातून विचारणा झाली तर म्हणालात, "नाव लिवल्यानं नळी जुळती का? कामून फुटली ते लिवलं तर दुसरी तरी वाचंल."

ती वही आता वाचण्यासारखी झालीय. 'बाहेरून ओली, ज्योतीवर धरली.' परीक्षानळीच्या बाहेर पाण्याचा थेंब राहिला की तेवढीच जागा थंड राहते, आजूबाजूची काच तापून फुगते आणि बरोबर थेंबाशी तडा जातो. म्हणून आधी फडक्यानं पुसायची, तिरपी धरायची, ज्योतीवरून हलती ठेवायची आणि तोंड कुणाच्या तोंडाकडं करायचं नाही. 'तापलेली, नळाखाली धरली.' हेही तेच, फक्त उलटं. 'ब्रशचं टोक बोडकं.' ब्रशच्या शेंड्याचे केस झडले की आतली तार नळीच्या बुडाला ठोसे देते. असा ब्रश नळी धुत नाही, फोडतो. 'भरलेलं बीकर काठाला धरून उचललं.' 'थर्मामीटरनं ढवळलं.' ही शेवटची नोंद बऱ्याचदा येते, कारण थर्मामीटर दिसतो काडीसारखा आणि त्याचा पाऱ्याचा फुगा असतो कागदासारख्या पातळ काचेचा. सांडलेला पारा हातानं गोळा करायचा नाही, हे तिथंच लाल शाईनं लिहिलंय.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण म्हणजे 'खिळा उभा सोडला.' कॉपर सल्फेटचा प्रयोग. नळीत सुमारे 10 मिलिलिटर निळं द्रावण घ्यायचं, खिळा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासायचा आणि नळी आडवी करून काठावरून घसरवत आत न्यायचा. वरून सोडला की बूड गेलं. न घासता टाकला तर गंजाच्या आणि तेलाच्या थरामुळं बराच वेळ काही दिसत नाही, आणि मग पोरं पुस्तकातलं निरीक्षण उतरवून मोकळी होतात. नीट घासलेल्या खिळ्यावर 15-20 मिनिटांत तांबूस थर चढतो. द्रावणाचा निळा रंग मात्र सावकाश फिका पडतो, त्यासाठी एक नळी खिळ्याशिवाय शेजारी ठेवायची, म्हणजे फरक डोळ्यांना कळतो.

वर्ग खरा जागा झाला तो तुम्ही मोरचुदाचा, म्हणजे त्याच कॉपर सल्फेटचा, खडा दाखवलात तेव्हा. मोसंबीवर मारायचं बोर्डो मिश्रण आमच्याकडं घरोघर होतं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या टाकीत, लोखंडी पिंपात नाही. फवारणीआधी त्यात विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस चढलं की चुना कमी पडलाय, अजून निवळी घाला, नाहीतर पानं जळतील. पुस्तकात जी विस्थापन अभिक्रिया, म्हणजे लोखंडानं द्रावणातल्या तांब्याची जागा घेणं, तीच बापाच्या हातातल्या विळ्यावर होते, हे इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मोरचूदही तुम्ही कृषी सेवा केंद्रातून आणलंत. प्रयोगशाळेच्या दुकानातल्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि या प्रयोगाला चालतं.

पाण्याचंही तसंच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले की पाणी आपोआप दुधाळ होतं. मिठाचं द्रावण घालायच्या आधीच पांढरा साका तयार, मग पोरानं काय निष्कर्ष काढायचा? आधीच्या बॅचा हा प्रयोग 'जमत नाही' म्हणून सोडायच्या. तुम्ही बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणलात. नळ्या बोअरच्या पाण्यानं धुवायच्या, शेवटचा एक हात डिस्टिल्डचा, आणि द्रावणं फक्त डिस्टिल्डमध्ये करायची. टँकरच्या दिवसांत एका बादलीत अख्ख्या वर्गाच्या नळ्या निघायच्या.

काचेच्या चिपेतून प्रकाशाचा किरण कसा वळतो ते बघायच्या प्रयोगात टाचण्यांची डोकी नाही, पाय एका रेषेत आणायचे, कारण टाचणी थोडी तरी कलतेच. दोन टाचण्यांत पाचेक सेंटिमीटर अंतर हवं, जवळजवळ टोचल्या की किरणाची दिशा चुकते. ओहमच्या नियमाला चावी वाचनापुरतीच लावायची. लावून ठेवली तर तार तापते, रोध वाढतो आणि आलेख वाकतो. वायरींची टोकं खरवडली नाहीत तर ॲमीटरचा काटा कधी हलतो, कधी नाही, आणि दोष बिचाऱ्या सेलला. यातलं कितीतरी विज्ञानाच्या मॅडमनी तुम्हालाच विचारून फळ्यावर लिहिलं. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

ॲसिड तेवढं तुम्ही कुणाच्या हाती दिलं नाहीत. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे ओरडून सांगत स्वतः ओतलंत. बाकी सगळ्याला सगळ्यांचे हात लागले. ऊसतोडीला आईबापामागं जाऊन पाडव्याला परत आलेल्यांचेही. राहिलेले प्रयोग तुम्ही त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर पुन्हा मांडलेत आणि त्यांचा शेवटच्या एसटीचा टाइमही तुम्हीच सांभाळलात.

गावात अशी माणसं आणखी आहेत, मामा. पोरगी पळत येताना दिसली की बेल न मारणारा कंडक्टर, परीक्षेचा फॉर्म भरताना आईच्या नावाचं स्पेलिंग आधारशी दोनदा ताडून बघणारे आमचे क्लार्क. यांचे सत्कार होत नाहीत, यांच्यावाचून शाळा मात्र चालत नाही. आणि हारतुरे घेणारे? जाऊ द्या.

दर बॅच शाळेला घड्याळ नाहीतर सरस्वतीची तसबीर देते. घड्याळं ऑफिसात ओळीनं लागलीत, त्यातली निम्मी बंद आहेत. आमच्या वर्गणीतून आम्ही परीक्षानळ्या, शेंड्याला केस असलेले ब्रश, लाकडी चिमटे, पॉलिश पेपर आणि पाऱ्याऐवजी स्पिरिटचे थर्मामीटर आणलेत. खोकं प्रयोगशाळेत खिडकीखालच्या ओट्यावर आहे, बिल वरच चिकटवलंय. साठा नोंदवहीत चढवून घ्या आणि मुख्याध्यापकांची सही तेवढी लगेच घ्या, नाहीतर खोकं ऑफिसच्या कपाटात जाईल. फुटतूट वहीची पानं संपत आलीत, म्हणून दोनशे पानी नवी वहीही त्यात टाकलीय. रकाने आखून ठेवलेत: तारीख, वस्तू, नग, कारण.

तुमची,
दहावी 'अ'