ब्रिमच्या अनोळखी मंडळींचे आभार

ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या हेन्टी हायवेवर, वॉरॅकनाबील आणि ब्यूला यांच्यामध्ये ब्रिम हे छोटं गाव लागतं. गहू-बार्लीचा मुलूख. शेतं मोठी होत गेली, यंत्रं आली आणि माणसं कमी झाली. २०१६ मध्ये चित्रकार गायडो व्हॅन हेल्टन यांनी इथल्या सायलोंवर, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठारांवर, चार शेतकरी रंगवले, तेव्हापासून वाटसरू थांबू लागले. फोटो काढतात आणि निघतात. आम्ही मुलांना घेऊन जिओकॅश, म्हणजे कुणीतरी लपवलेला आणि जीपीएसच्या आकड्यांवरून हुडकायचा डबा, शोधायला म्हणून रेंगाळलो.

पहिले आभार डबा लपवणाऱ्याचे. नुसते जीपीएसचे आकडे देऊन भागलं असतं, पण तुम्ही सोबत गावाच्या जुन्या दिवसांबद्दल लिहिलंत आणि डब्यातली, शोधणाऱ्यांनी नाव लिहायची ओली झालेली वही बदलून ठेवलीत. एवढं कोण करतं हो?

दुसरे आभार यूटमधून (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून) आलेल्या आजोबांचे. परकी माणसं कुंपणापाशी वाकून काय करताहेत, हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी विचारलंही, पण हसत. मग मुलांना काठी दिली आणि बजावलं, "आधी ही फिरवा, मग हात घाला." इकडे ब्राउन स्नेक हे अतिशय विषारी साप असतात, आणि ती काही चेष्टेची गोष्ट नव्हे. डबा मात्र त्यांनी दाखवला नाही. ठाऊक होता, याची मला खात्री आहे.

आणि पाण्याच्या बाटल्या भरून देणाऱ्या ताई, पैसे घेतले असतेत तर बरं वाटलं असतं.

डबा लपवणाऱ्यासाठी एक निरोप: झाकणाला चीर गेली आहे. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे, तेवढं बघून घ्या.