आप्पांना आतड्याचा नकाशा काढून देणाऱ्या अक्कांस

अक्का,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. बेळगावच्या वॉर्डात आतड्याचं ऑपरेशन होऊन गेलेले, पुन्हा तपासणीला आले तेव्हा "मला काय सांगू नका, मी जेवणार नाही" म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेले खानापूर तालुक्यातले म्हातारे आठवतात? ते आमचे आप्पा. पत्र खुलं लिहितोय, कारण पथ्याचा कागद घेऊन घरी जाणारे पुष्कळ असतात, पण त्या पथ्यामागचं कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आप्पांना आतड्याचा टीबी झाला होता. लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तिथंच, वाट बंद होण्याइतका. आतड्याच्या टीबीची ही नेहमीची जागा, हे तुमच्याकडूनच कळलं. सर्जननी तेवढा तुकडा काढून टोकं जोडली, टीबीच्या गोळ्या चालू राहिल्या. त्यांचं काम चोख. पण घरी आल्यावर काहीही पोटात गेलं की पातळ परसाकडं. मग आप्पांनी आपला तोडगा काढला, की खायचंच नाही. त्यात बघायला येणाऱ्यांची जीभ. कुणी म्हणालं नुसती पेज द्या. कुणी म्हणालं, आतडंच कापलं म्हटल्यावर आता खाल्लेलं अंगी लागायचं नाही. हे शेवटचं आप्पांच्या डोक्यात पक्कं बसलं.

तुम्ही त्यांना "जेवा हो मामा" म्हणाला नाहीत. एक कोरा कागद घेतलात आणि चित्र काढायला लागलात. "लहान आतडं साधारण सहा मीटर असतंय बघा. त्यातलं दीड हात गेलं. राहिलं किती, तुम्हीच सांगा की मामा." जन्मभर शेताचे बांध मोजलेला माणूस तो, हिशेब करायला बसलाच.

तोंड आणि लाळ तुम्ही चटकन उरकलंत. नीट चावा, लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, भाकरीतला स्टार्च फोडायला तिथंच सुरुवात करतं, एवढंच. जठरापाशी मात्र थांबलात आणि त्या अलेक्सिस सेंट मार्टिनची गोष्ट सांगितलीत. ६ जून १८२२ला अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर चुकून बंदूक उडाली, जखम भरली, पण पोटाला जठरापर्यंत भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, थोड्या थोड्या वेळानं ओढून पाहिले, आणि १८३३ साली ते सगळं पुस्तकात छापलं. जठरातला रस अन्न नुसतं घुसळत नाही, त्याला विरघळवतो, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. आप्पांनी विचारलं, "त्या गड्याला इचारलं हुतं काय?" तुम्ही हसलात आणि म्हणालात, फारसं नसावं. पण पोटाला भोक असलेला तो गडी १८८०पर्यंत जगला, हे ऐकल्यावर आप्पा भिंतीकडून वळले.

मग खरं काम. जठरात प्रथिनं फुटायला लागतात, पण शोषलं जातं फारच थोडं. पुढं स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचं पित्त येऊन मिळतं. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं, मग स्वादुपिंडाचं विकर ते फोडतं. पिठाची साखर, डाळीची अमिनो आम्लं, तेलाची मेदाम्लं, एवढं बारीक झाल्याशिवाय आतड्याची भिंत काही आत घेत नाही. त्या भिंतीवर मिलिमीटरभरही उंच नसलेले, बोटांसारखे उंचवटे असतात, भाताच्या तरव्यासारखे दाट. त्या प्रत्येकावर आणखी सूक्ष्म केसर. सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान होईल असं शाळेत घोकलं होतं. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं मोजून ते जेमतेम ३० चौरस मीटरवर आणलं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला जरा वाईटच वाटलं. तरी माणसाच्या पोटात तेवढी जागा म्हणजे काही कमी नाही.

साखर आणि अमिनो आम्लं रक्तातून थेट यकृताकडे जातात, तेलाचा बराचसा भाग लसीकेच्या, म्हणजे लिंफच्या, वाटेनं फिरून मग रक्तात येतो. यातलं बहुतेक काम आतड्याच्या वरच्या अर्ध्यातच उरकतं, आणि आप्पांचा वरचा भाग शाबूत होता! "अंगी लागायचं नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर तिथंच मिळालं. वर तुम्ही सांगितलंत, हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं आणि समोरून जाणाऱ्या अन्नावरच पोसतं. उपाशी राहिलात तर तरवा खुरटतो. आप्पांना यापेक्षा जास्त समजावायची गरजच पडली नाही.

पण गेलेल्या दीड हाताची दोन कामं दुसऱ्या भागाला जमत नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. एक, पित्तातले क्षार परत उचलणं. शरीर ते दर वेळी नवे करत नाही. साधारण ९५ टक्के लहान आतड्याच्या त्या शेवटच्या टोकाकडून यकृताकडे परत जातात आणि दिवसातून कितीतरी फेऱ्या मारतात. टोकच नसलं की ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथं पाणी सुटतं. म्हणजे आप्पांची धावपळ बरीचशी त्या क्षारांची होती, भाकरी न पचल्याची नव्हती. डॉक्टरांशी बोलून तुम्ही ते क्षार धरून ठेवणारी पूड चालू करवलीत आणि टीबीच्या गोळ्या त्याच्या आधी तासभर तरी घ्यायला बजावलंत, नाहीतर पूड गोळ्यांनाही धरते. तेल कमी, जेवण थोडं थोडं, पाणी घोट घोट. एरवी दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरतं, त्यातलं बहुतेक आपलेच रस, आणि शेवटी बाहेर पडतं पेलाभर, हे ऐकून आमची आई म्हणाली, "एवढं सांभाळतंय व्हय!"

दुसरं काम बी-१२चं. जठरातून आलेलं एक प्रथिन त्याला धरून आणतं आणि दार फक्त त्या शेवटच्या भागात. यकृतात साठा असतो, त्यामुळे कमतरता कळायला वर्षं लागतात, तोवर पायाला मुंग्या आणि अंगात रक्त नाही. म्हणून इंजेक्शन. आप्पा माळकरी. जीवनसत्त्व मटणा-अंड्यातलं म्हटल्यावर सुई टोचून घ्यायला तयार होईनात. ते कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून करतात, हे तुम्ही न चिडता दोनदा सांगितलंत. तिथं आवाज चढवणारी माणसंही मी बघितली आहेत, म्हणून त्या दोनदा सांगण्याचे आभार वेगळे.

आता आप्पा भाकरी-आमटी खातात, वजन भरत आलंय, आणि येईल त्याला तुमचा कागद दाखवून पित्ताची फेरी समजावतात. थोडं चुकीचं सांगतात, पण उत्साहानं.

एक विचारायचं राहिलं. ऑपरेशनआधी आतडं अरुंद म्हणून चोथ्याचं सगळं बंद होतं. दारातल्या फणसाला यंदा भरपूर फळ आहे आणि आप्पा रोज त्याखाली जाऊन उभे राहतात. गरे किती चालतील, पुढच्या तपासणीला येतो तेव्हा त्यांना तुम्हीच सांगा. आमचं ते ऐकणार नाहीत.

आपला,
आप्पांचा थोरला