घाट उजेडात पाहता यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात सहलींच्या जाहिराती आणि प्रवासविषयक लेख वाढू लागतात व त्यांत डोंगरातून जाणाऱ्या रेल्वेप्रवासाचा उल्लेख हमखास असतो. शिमला, दार्जिलिंग, उटी, माथेरान आणि आता काश्मीर ही नावे वाचून नाशिकमधील अनेक कुटुंबे बेत आखतात, मुक्कामाची जागा ठरवतात, रजेचे अर्ज देतात आणि शेवटी जी मिळेल त्या गाडीचे तिकीट काढतात. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, तो म्हणजे गाडी घाटात शिरेल तेव्हा किती वाजले असतील. माझ्या मते डोंगरातल्या रेल्वेप्रवासाचे नियोजन याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवे, आणि त्याचे उत्तर मिळणे प्रवाशाला सोपे व्हावे यासाठी रेल्वेने आणि वृत्तपत्रांनीही काही करावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वसाहतीतील एका कुटुंबाला सहलीच्या आयोजकाने ‘निसर्गरम्य कोकण रेल्वे’ असे पत्रकात छापून गोव्याची तिकिटे दिली, आणि ती निघाली रात्रीच्या गाडीची. रत्नागिरीच्या परिसरातला करबुडेचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, हे दोन्ही त्यांच्या झोपेत मागे पडले. घरातल्या आजी केवळ तो पूल पाहण्यासाठी खिडकीची जागा मागून बसल्या होत्या. आयोजकाने फसवले असे म्हणता येत नाही, कारण मार्ग तोच होता. पण ज्यासाठी पैसे मोजले ते पाहायला मिळाले नाही, ही गोष्ट उरतेच.

खरे तर नाशिककरांना असा घाट शोधायला लांब जावे लागत नाही. नाशिकरोडहून मुंबईकडे निघालेली गाडी देवळाली, लहवित, अस्वली मागे टाकून घोटीच्या पुढे गेली की कळसूबाईची रांग दिसू लागते, आणि इगतपुरी सोडल्यावर थळ घाट, म्हणजे आपण ज्याला कसारा घाट म्हणतो तो, सुरू होतो. १ जानेवारी १८६५ रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले होते, परंतु १८६२ मध्येच त्यांचे निधन झाल्याने पूर्ण झालेला घाट त्यांना पाहता आला नाही. या घाटाचा चढ ३७ ला १ इतका आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे सरकते तेव्हा १ मीटर वर चढलेली असते. रस्त्याने जाणाऱ्याला हा चढ फारसा वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरत असताना तो फार मोठा असतो, आणि भारतातल्या ब्रॉडगेज मुख्य मार्गांवरील सर्वांत तीव्र चढांमध्ये त्याची गणना होते.

म्हणूनच मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागच्या टोकाला बँकर इंजिने लावावी लागतात. शेवटच्या डब्यात बसलेल्या प्रवाशाला ही जोडणी चांगली जाणवते. आधी मागे कुठेतरी जड आवाज होतो, मग एक हलका धक्का डब्यातून पुढे सरकत जातो, पाण्याची बाटली आसनावर किंचित डोलते, आणि थोड्या वेळाने पुढचे इंजिन ओढत आणि मागची ढकलत अशी सगळी गाडी सावकाश हलते. वळणावर शेवटच्या डब्यातून पुढचे इंजिन आणि पुढच्या डब्यातून मागची इंजिने दिसतात. बोगद्यातून बाहेर येताच दरी उघडते, एहेगावच्या उंच पुलावरून खाली पाहिले की झाडांचे शेंडे पायाखाली असतात, आणि आषाढ-श्रावणात तर प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळत असते. वर इगतपुरीला बँकर सुटतात, फलाटावर धुके उतरलेले असते आणि त्या गारठ्यात हातात गरम वडापाव येतो. शेकडो रुपये खर्चून दूरवर जे शोधायचे, ते आपल्याला दोन तासांच्या अंतरावर उपलब्ध आहे, याचा नाशिककरांनी अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते.

परंतु तेही उजेडात पाहिले तरच. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी नाशिकरोडहून निघते, त्यामुळे जाताना घाट छान दिसतो. संध्याकाळी मुंबईहून परतणारी हीच गाडी कसाऱ्याला येईपर्यंत अंधार पडलेला असतो. शिर्डीच्या वंदे भारतचेही तसेच आहे, ती सकाळी मुंबईहून येताना घाट उजेडात चढते आणि परतीला रात्री उतरते. घाट चढतानाचा अनुभव हवा असेल, आणि माझे मत विचाराल तर तोच अधिक चांगला, तर मुंबईला एक मुक्काम करून सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने यावे. तपोवनची मुंबईकडे जाणारी फेरी संध्याकाळची असते. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो तेव्हा तिच्यातून घाट दिसण्याची थोडी आशा असते, डिसेंबरात सहालाच दिवस संपतो तेव्हा ती नसते. वेळापत्रके बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी इगतपुरीची आणि कल्याणची वेळ पाहून मधला हिशेब स्वतः करावा, आणि गाडी उशिरा धावण्याची शक्यता धरून हाताशी तासभर उजेड शिल्लक ठेवावा.

डब्याबद्दलही एक सांगावेसे वाटते. अनेकांना वाटते की वातानुकूलित डबा म्हणजे अधिक चांगला प्रवास. लांबच्या प्रवासात ते खरे असेल, पण घाट पाहण्यासाठी नाही, कारण त्या खिडक्यांची काच गडद असते, तिच्यावर ओरखडे असतात, आणि पावसाळ्यात दोन काचांच्या मध्ये वाफ धरली तर बाहेर नुसता पांढरा पडदा दिसतो. आरक्षित द्वितीय श्रेणीची उघडी खिडकी स्वस्तही पडते आणि पावसाचा वासही आत येतो. दारात लटकून चित्रीकरण करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळला पाहिजे. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचा खांब किती जवळून जातो हे दारात उभ्या असलेल्या मुलाला कळत नाही.

दूरच्या मार्गांनाही हेच सूत्र लागू पडते. काल्का ते शिमला हा ९६ किलोमीटरचा मार्ग १९०३ पासून सुरू आहे आणि तो पार करायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे दिल्लीहून रात्रीच काल्क्याजवळ येऊन पहाटेची गाडी धरणे श्रेयस्कर. निलगिरीच्या बाबतीत होणारी चूक अधिक हळहळ लावणारी आहे. पुष्कळ लोक मोटारीने उटीला जातात आणि तिथून कुन्नूरपर्यंत गाडीत बसून ‘टॉय ट्रेन’ पाहिली म्हणतात. वास्तविक दातेरी रुळावरून १२ ला १ इतका चढ चढणारा, जगात ज्याची ख्याती आहे असा भाग मेट्टुपालयम आणि कुन्नूर यांच्या दरम्यान आहे. तिथल्या जागा अगदी थोड्या असतात. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, तेव्हा आधी या छोट्या गाडीचे तिकीट पक्के करावे आणि मग बाकीची सहल तिच्याभोवती बांधावी. आपण नेमके उलटे करतो.

काश्मीरच्या नव्या मार्गाविषयी तर वाचकांना आधीच सांगून ठेवणे गरजेचे आहे. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच असलेला चिनाब पूल जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला, ही अभियांत्रिकीची थोर कामगिरी आहे. पण कटरा ते बनिहाल या १११ किलोमीटरपैकी सुमारे ९७ किलोमीटर गाडी बोगद्यात असते. हे ठाऊक असले की प्रवासी निराश होत नाही, पुलाच्या आधी सावध होऊन बसतो आणि काझीगुंडनंतर उघडणाऱ्या खोऱ्यासाठी दिवसाची वेळ राखून ठेवतो.

पावसाळ्यात बेत आखणाऱ्यांनी मध्ये सैल वेळ ठेवावी. डोंगर सर्वांत सुंदर दिसतो तेव्हाच दरडींचा धोका सर्वाधिक असतो. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगमर्यादा कमी करून वेगळे वेळापत्रकच लावते. माथेरानची गाडी नेरळ आणि अमन लॉज यांच्या दरम्यान पावसाळ्यात बंद असते, वरच्या टप्प्यावर मात्र फेऱ्या चालू राहतात. अशा दिवसांत कल्याणला उतरून अर्ध्या तासात दुसरी गाडी पकडण्याचा हिशेब मांडू नये.

आता विनंती. मुंबई–पुणे मार्गावरील डेक्कन एक्स्प्रेसला जून २०२१ मध्ये काचेचे छत आणि फिरत्या खुर्च्या असलेला व्हिस्टाडोम डबा लागला, त्यानंतर डेक्कन क्वीनला लागला, आणि बोर घाटात प्रवाशांनी त्याचे उत्तम स्वागत केले. थळ घाट बोर घाटापेक्षा कोणत्याही बाबतीत उणा नाही. नाशिकमार्गे दिवसा धावणाऱ्या पंचवटी किंवा तपोवन एक्स्प्रेसला तसा एक डबा जोडावा. पंचवटीने रोज अप-डाउन करणाऱ्या पासधारकांच्या जागा त्यासाठी कमी होऊ नयेत, ही अट मी आग्रहाने घालू इच्छितो, कारण ही गाडी आधी त्यांची आहे आणि नंतर आम्हा हौशी प्रवाशांची. डबा जादाचा असावा. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकरोड स्थानकावर आणि गाड्यांवर जो खर्च होणार आहे, त्यात एका डब्याचा विचार होणे कठीण नसावे. कुंभासाठी येणाऱ्या लाखो भाविकांपैकी कितीतरी जण याच घाटातून येतील.

तो डबा येईपर्यंत बिनखर्चाचे एक काम करता येईल. रेल्वेने आपल्या वेळापत्रकात इगतपुरी आणि कसारा या दोन्ही ठिकाणांवरून गाडी जाण्याच्या वेळा छापाव्यात, मग ती तिथे थांबो वा न थांबो. आणि आपल्या दैनिकाने पावसाळ्याच्या तोंडावर, पर्यटन पुरवणीत, नाशिकरोडहून सुटणाऱ्या कोणत्या गाड्या कोणता घाट उजेडात ओलांडतात एवढा एक चौकोन द्यावा. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलांना अशी एक यादी मी हाताने लिहून दिली होती. तिच्या प्रती किती घरांत फिरल्या हे पाहिल्यावर अशा माहितीची गरज आहे याविषयी मला शंका उरलेली नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
नाशिकरोड