फिलाडेल्फिया बसच्या खिडकीतून नको

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या दैनिकात अमेरिकेच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि त्यांत न्यूयॉर्क व वॉशिंग्टनच्या मधोमध ‘फिलाडेल्फिया दर्शन’ एवढी अर्धी ओळ असते. तिचा अर्थ मी पाच वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर अनुभवला: दीड तासाचा थांबा, त्यातला निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या आणि ‘लिबर्टी बेल’ या ऐतिहासिक घंटेच्या रांगेत आणि उरलेले शहर बसच्या खिडकीतून. गेल्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे मुक्काम असताना आम्ही दोघे तिथे पुन्हा गेलो, दोन दिवस राहिलो आणि पायी हिंडलो. म्हणून हे पत्र.

एडिसनहून लोकलने ट्रेंटनपर्यंत जावे आणि तिथे गाडी बदलून थेट शहराच्या मध्यभागी उतरावे. पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेनने १६८२ मध्ये दोन नद्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर हे शहर बुद्धिबळाच्या पटासारखे आखले. एका दिशेच्या रस्त्यांना आकडे आणि दुसऱ्या दिशेच्या अनेक रस्त्यांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशी झाडांची नावे असल्यामुळे साठी उलटलेल्या नवख्या माणसालाही कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. कुठेही चुकल्यासारखे वाटले, तर सिटी हॉलच्या मनोऱ्यावर उभा असलेला पेनचा पुतळा शोधावा आणि त्या दिशेने चालू लागावे.

तडा गेलेली लिबर्टी बेल पाहायला तिकीट नाही. इंडिपेन्डन्स हॉलमध्ये मात्र वर्षातले बहुतेक महिने ठरावीक वेळेचे तिकीट लागते आणि ते घरून निघण्याआधीच काढून ठेवलेले बरे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना ज्या दालनात संमत झाली, तिथे जॉर्ज वॉशिंग्टन यांची खुर्ची आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. हा सूर्य उगवता की मावळता, असा प्रश्न आपल्याला अनेकदा पडला होता आणि तो उगवताच आहे हे आता कळले, असे घटनेवर सह्या होत असताना वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते. पण तिथून बाहेर पडून घंटेच्या इमारतीशेजारच्या घराचे अवशेषही अवश्य पाहावेत. राष्ट्राध्यक्ष असताना वॉशिंग्टन तिथे राहत आणि त्या घरात त्यांनी नऊ माणसे गुलाम म्हणून ठेवली होती. स्वातंत्र्याची घंटा आणि हे घर यांच्यात चार पावलांचेही अंतर नाही. आमच्या पहिल्या सहलीत याचा कुणी उच्चारही केला नव्हता.

एल्फ्रेथ्स ॲली ही अठराव्या शतकातली दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली जवळच आहे. तिथे आजही लोक राहतात, तेव्हा आपल्या मंडळींनी फोटोसाठी त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये. दुपारच्या जेवणाला १८९३ पासूनचे रीडिंग टर्मिनल मार्केट गाठावे. शाकाहाऱ्यांचीही तिथे उपासमार होत नाही. आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शक्यतो तो दिवस टाळावा. कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चढून, फोटो काढून बहुतेक पर्यटक माघारी फिरतात. आत मदुराईहून नेलेला सोळाव्या शतकातला मंदिराचा मंडप उभा आहे, याचा त्यांना पत्ताही नसतो.

मराठी प्रवाशांसाठी तर या शहराचे आणखी एक कारण आहे. आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, इथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. जपानी आणि सिरियन सहाध्यायिनींसोबतचा आनंदीबाईंचा नऊवारीतला फोटो आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिला आहे. तो याच शहरात काढलेला आहे आणि त्या महाविद्यालयाची कागदपत्रे आज इथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. सकाळच्या थंडीत त्या रस्त्यांवरून चालताना माझ्या पत्नीने स्वेटरवर शाल ओढून घेतली आणि म्हणाली, “ऐन हिवाळ्यात इथे पातळ नेसून कशी राहिली असेल हो ती पोर?” बसच्या दीड तासात हा प्रश्न सुचायलाही सवड मिळाली नव्हती.

सहल कंपन्यांनी या शहरात निदान एक मुक्काम ठेवावा आणि दुसरा दिवस प्रवाशांना पायी हिंडायला मोकळा सोडावा, ही विनंती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी. तसेच मुलांकडे न्यू जर्सीला जाणाऱ्या आईवडिलांना हाती धरून चालता येईल असा या शहराचा एक साधा, मराठी नावांचा नकाशा आपल्या पर्यटन पुरवणीत छापता आला, तर त्यात आनंदीबाईंच्या महाविद्यालयाची जागाही दाखवावी.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कल्याण