‘दुष्परिणाम नाहीत’ हा मथळा दुरुस्त करा

संपादक महोदय,

मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, उपचारांचं चित्र बदलणारे संशोधक जेम्स अ‍ॅलिसन यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. १९९४च्या अखेरीस उंदरांवरचा पहिला प्रयोग साधल्यावर त्यांच्या चमूने धीर न धरता नाताळच्या सुट्टीतच तो पुन्हा करून पाहिला, हे मला माहीत नव्हतं. लेख चांगलाच आहे. तक्रार मथळ्याबद्दल आहे. आत लेखकाने ‘केमोसारखे दुष्परिणाम नाहीत’ असं लिहिलंय. मथळ्यात ‘केमोसारखे’ गळलं.

मी कर्करोगाच्या डे-केअर विभागात वीस वर्षं परिचारिका आहे. पूर्वी मेलानोमा पसरलेल्या रुग्णाला आम्ही डकार्बाझिन हे केमोचं औषध लावायचो. उजेडाने ते बिघडतं, म्हणून सलाईनच्या बाटलीला काळी पिशवी घालायची. रुग्णाची नजर त्या काळ्या पिशवीवरून हलायची नाही. मग उलट्या. आणि एवढं सोसून गुण यायचा तो मोजक्यांनाच. निम्म्याहून अधिक जण वर्षही काढत नसत. अ‍ॅलिसन यांच्या शोधातून आलेल्या इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, पुढे निवोलुमॅब आलं. एका अभ्यासात ही दोन्ही औषधं मिळून दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते. काळ्या पिशवीचे दिवस पाहिलेल्या माणसाला हा आकडा दोनदा वाचावा लागतो.

पण त्याच अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना गंभीर दुष्परिणामही झाले होते. कारण शोधातच आहे. पांढऱ्या पेशींवरचा सीटीएलए-४ नावाचा ब्रेक इपिलिमुमॅब निकामी करतं, आणि तो ब्रेक आपल्याच अवयवांना त्या पेशींपासून वाचवत असतो. तो सुटला की त्या पेशी गाठीवर तुटून पडतात, तशाच कधी आतड्यावर, थायरॉइडवर, यकृतावर, फुप्फुसावरही. कधी औषध थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा.

गेल्या वर्षी तळपायाच्या मेलानोमाच्या एक बाई तिसऱ्या डोसनंतर व्हीलचेअरवरून आल्या. चार दिवस रोज आठ-नऊ जुलाब. घरच्यांनी ‘बाधलं असेल काहीतरी’ म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. आतड्याला सूज होती; शिरेतून स्टिरॉइड द्यावं लागलं, तीन आठवड्यांनी सावरल्या. फोन का नाही केला, विचारलं तर म्हणाल्या, “इंजेक्शन बंद कराल म्हणून.” त्यांच्यावर मी रागावले, नंतर स्वतःवरही. पहिल्या दिवशी हातात दिलेला माहितीचा कागद त्यांनी वाचला का, हे मी विचारलंच नव्हतं.

जुलाब, धाप, कावीळ, न हटणारी डोकेदुखी, विलक्षण थकवा: यातलं काहीही झालं तर आधी उपचार करणाऱ्या विभागाला फोन करायचा, गोळी नंतर. एवढ्या दोन ओळी लेखात चौकटीत सहज मावल्या असत्या.

दुरुस्ती छापाल तेव्हा तीही मथळ्याच्याच अक्षरांत छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

— एक परिचारिका