वसंतात पक्ष्यांच्या घरट्यांची छायाचित्रे छापू नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वसंत पंचमी झाली की आपल्या वृत्तपत्रात वाचकांनी काढलेली पक्ष्यांची आणि फुलांची छायाचित्रे येऊ लागतात, आणि ते पान आधी कोणी घ्यायचे यावरून आमच्या घरी ओढाताण होते, हे प्रथम आनंदाने नमूद करते. गेल्या पंधरवड्यात मात्र त्यांतील दोन छायाचित्रे घरट्यांची होती. त्यांपैकी एकात पिल्लांनी चोची वासल्या होत्या आणि घरट्याभोवतीची पाने खुडलेली स्पष्ट दिसत होती. देठांची टोके अजून ओली होती. ज्यांनी ते काढले त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे.

मी दांडिया बाजारात राहते, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि गेली अनेक वर्षे जवळजवळ रोज सकाळी कमाटीबागेत जाते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, विश्वामित्रीच्या काठी उभ्या राहिलेल्या या बागेला पाटीवर सयाजीबाग म्हणतात, पण आम्हा वडोदरेकरांच्या तोंडी ती कमाटीबागच आहे. सात वर्षांपूर्वी मुलाने मला कॅमेरा घेऊन दिला. त्याच मार्चमध्ये बागेच्या एका कडेला असलेल्या बोगनवेलीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने माझ्या खांद्याइतक्या उंचीवर घरटे केले होते. काड्या, बारीक मुळ्या आणि कोळ्याचे जाळे यांची ती लहानशी वाटी होती आणि तिच्यात तीन गुलाबीसर अंडी होती, त्यांवर तांबूस-जांभळे शिंतोडे होते. मध्ये पाने येत होती म्हणून एक फांदी मी सुतळीने मागे बांधली आणि चारपाच पाने खुडून टाकली. छायाचित्र फार सुरेख आले. निघताना फांदी आठवणीने सोडली, परंतु खुडलेली पाने काही परत लावता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा घरटे एका बाजूने उसकटलेले होते, खाली कवचाचा एक तुकडा पडला होता आणि बुलबुलाची जोडी वरच्या फांदीवर बसून एकसारखी ओरडत होती. ते छायाचित्र मी आजवर कोणालाही दाखवलेले नाही.

घरट्यावरची पाने ही त्या घराची भिंतही असते आणि छप्परही. मार्चमध्ये आपल्याकडे पारा पस्तिशी ओलांडतो. अंगावर पिसे न आलेल्या पिल्लांना उघड्यावरचे दुपारचे ऊन थोडा वेळही सोसत नाही. शिवाय कावळा माणसावर नजर ठेवून असतो. आपण एखाद्या झुडपात वारंवार डोकावू लागलो की तेथे काहीतरी आहे हे त्याला आपणच सांगितल्यासारखे होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचाही समावेश आहे, हे बंदुकीला कधी हात न लावलेल्या आपल्यासारख्यांच्या लक्षातच येत नाही. मला तरी ते फार उशिरा कळले.

दुसरी गोष्ट आवाजाची. फेब्रुवारीच्या मध्यापासून दयाळ पहाटे उंच फांदीवर बसून शीळ घालू लागतो. ही शीळ म्हणजे एवढ्या जागेवर माझा हक्क आहे, अशी इतर नरांना दिलेली जाणीव असते. या महिन्यात एके सकाळी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा मोबाइलला छोटा स्पीकर जोडून तीच शीळ पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि समोरच्या करंजावरचा दयाळ शेपूट ताठ उभारून या फांदीवरून त्या फांदीवर नुसता धावत होता. मी थांबले तसा तो म्हणाला, “काकू, पाचच मिनिटं. समोर येऊन बसला की बंद करतो.” मी म्हटले, “अरे बाळा, तो तुझ्यासाठी आलेला नाही, भांडायला आलाय. दुसरा नर आपल्या जागेत घुसला असं त्याला वाटतंय.” त्याने आवाज लगेच बंद केला, हे सांगितले पाहिजे. मग आम्ही दोघे बाकावर बसून राहिलो, पण दयाळ त्या दिवशी पुन्हा खाली आला नाही, ऊन चढले आणि तो मुलगा काहीसा नाराज होऊनच गेला. त्याला वाईट वाटले याचे मला वाईट वाटले. पण सकाळच्या ज्या दोन तासांत त्या पक्ष्याने पोट भरायचे, जोडीदारीण मिळवायची आणि जागा राखायची, ते दोन तास नसलेल्या शत्रूचा शोध घेण्यात जातात, आणि एक जण गेला की दुसरा स्पीकर घेऊन येतो, हे त्याला कोणीतरी सांगायलाच हवे होते. पिंगळ्याच्या ढोलीखाली उभे राहून तो बाहेर डोकवावा म्हणून खोडावर काठी आपटणारे आणि संधिप्रकाशात त्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणारेही मी पाहिले आहेत.

राखी धनेशाचे उदाहरण तर सर्वांत बोलके आहे. मार्चच्या सुमारास मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी एक उभी फट तेवढी राहते. त्यानंतर कित्येक आठवडे तिचे आणि पुढे पिल्लांचेही पोट नराने आणलेल्या वड-पिंपळाच्या फळांवर आणि किड्यांवर अवलंबून असते. या झाडाखाली तिपाया लावून दहा माणसे उभी राहिली, तर नर चोचीत फळ धरून लांबच्या फांदीवर बसून राहतो आणि ढोलीपाशी येत नाही. आत बसलेल्या मादीला बाहेर पडून स्वतःचे पोट भरण्याची सोय नसते. अशा ढोलीचा पत्ता व्हॉट्सॲपच्या गटावर एकदा पडला की तो परत घेता येत नाही, म्हणून पक्षी कोणता दिसला ते जरूर कळवावे, पण घरट्याची जागा आपल्यापाशीच ठेवावी.

मग वसंतात कॅमेरा घेऊन बागेत जाऊच नये काय? अवश्य जावे, माझा तर आग्रह आहे. पण पक्ष्याच्या घरी जाण्याऐवजी तो जेवायला जेथे येतो तेथे जावे, आणि त्यासाठी या दिवसांत काटेसावरीसारखे दुसरे झाड नाही. तिची पाने गळून गेलेली असतात, त्यामुळे पक्षी लपत नाही. तळहातभर लाल फुलांच्या जाड पाकळ्यांत मध साठलेला असतो, आणि तो प्यायला मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल, खारी असे सगळे गणगोत सकाळी सातपासून जमा होते. मध्य आशियात परतण्याच्या तयारीत असलेल्या भोरड्या, ज्यांना पळसमैना असेही म्हणतात आणि आपले गुजराती शेजारी वैयुं म्हणतात, त्यांचा थवाच्या थवा उतरतो. मध पिताना पुंकेसरांवर डोके घासले जाऊन कपाळावर पराग लागतो. तो पिवळा टिळा छायाचित्रात टिपता आला तर पक्षी आणि झाड यांचे नाते एकाच चौकटीत येते. पळसाचेही असेच. ‘पळसाला पाने तीनच’ म्हणतात खरे, पण फुलताना त्याच्या अंगावर तीही नसतात, आणि त्याच्या वाकड्या, चोचीसारख्या पाकळीवरूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असे नाव पडले. होळीच्या आधी आपल्या बाजारात केसूडो म्हणून विकायला येतात ती हीच फुले.

जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर तर याच काही आठवड्यांत पाहावा. हिवाळ्यात तो मादीसारखा फिका पिवळसर दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा असतो. आता त्याच्या अंगावर जांभळी-निळी चकाकी ठिकठिकाणी उगवू लागते, आणि अर्धा जुना अर्धा नवा असा तो पक्षी वेगळ्याच जातीचा असावा असे अनेकांना वाटते. एकाच फुलझाडापाशी दर दोनतीन दिवसांनी बसून त्याचे हे रूपांतर टिपता येते, आणि त्याला काही त्रासही होत नाही, कारण मधासाठी तो आपणहून तेथे येतो. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्यावा, नाहीतर त्याची हालचाल पुसट येते. काटेसावरीचे लाल आणि पळसाचे केशरी फूल उन्हात असेल तर प्रकाश किंचित कमी घ्यावा, अन्यथा रंगाचा नुसता डाग उमटतो आणि पाकळीचा पोत जातो. उलट कोकीळ टिपताना थोडा जास्त घ्यावा, म्हणजे त्या काळ्या पिसांतली निळसर झाक आणि लाल डोळा दिसतो. माझी बहुतेक चांगली छायाचित्रे बाकावर अर्धा-पाऊण तास न हलता बसून मिळालेली आहेत.

झाडांकडे तर कोणी कॅमेरा वळवतच नाही, याची मला फार खंत वाटते. पिंपळाची नवी पालवी फुटते तेव्हा ती तांबूस, जवळजवळ गुलाबी असते, कारण हरितद्रव्य पुरेसे तयार होण्याआधी कोवळ्या पानात तांबडे रंगद्रव्य असते. सकाळचे ऊन पानाच्या मागे घेऊन साध्या मोबाइलवरही त्याची शीर न् शीर येते. वावळाचे झाड मार्चमध्ये लांबून कोवळ्या पानांनी भरलेले वाटते, आणि जवळ जावे तर ती पाने नसून गोल, चपटी, कागदासारखी पातळ फळे असतात. शाळेतल्या मुलांना मी हे दाखवत असे तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे. आणि छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते, हा मोठाच लाभ आहे. दरवर्षी त्याच झाडाचे, त्याच जागेवरून, आठवड्याला एक छायाचित्र काढले तर पहिली कळी केव्हा आली, पानगळ केव्हा संपली याचा पुरावा आपोआप जमतो. झाडांच्या अशा नोंदींसाठी आपल्या देशात सीझनवॉच हा उपक्रम चालतो, आणि फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये निव्वळ पाहून मोजलेल्या पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या जातात. कोणालाही, कोणत्याही बागेतून, त्यांत भाग घेता येतो.

आता माझ्या विनंत्या. आपल्याकडे घरट्याचे, अंड्यांचे किंवा घरट्यातल्या पिल्लांचे छायाचित्र आले तर ते कितीही सुंदर असले तरी छापू नये, आणि का छापले नाही ते त्या पानाच्या तळाशी दोन ओळींत सांगावे. छापून आलेले एक छायाचित्र पाहून त्याच्यासारखे दुसरे काढायला किमान चार जण जातात, कारण मीही तशीच गेले होते. बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांनी प्रवेशद्वारांवर मराठी, गुजराती आणि हिंदीत एक फलक लावावा: पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत, फ्लॅश वापरू नये, फांद्या व पाने हलवू नयेत आणि नदीकाठी कठड्यावरून वाकू नये. हे शेवटचे मगरींमुळे लिहिले. वसंत हा त्यांचाही काठावरच्या मातीत अंडी घालण्याचा काळ आहे, आणि माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहेच.

आणखी एक विनंती. वाळक्या फांद्या छाटण्याचे काम, जेथे माणसांच्या अंगावर पडण्याचा धोका नाही तेथे, जानेवारी ते जून या काळात करू नये. मराठीत ज्याला तांबट आणि गुजरातीत कंसारो म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांनी ज्याच्या टुकटुक आवाजात भांडी ठोकणारा कारागीरच ऐकला, तो चिमुकला हिरवा पक्षी याच दिवसांत मऊ, वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला चोचीने भोक पाडून घर करतो. नर आणि मादी आळीपाळीने कोरतात आणि लाकडाचा भुसा खाली पडत राहतो. बागेतल्या एका शेवग्याखाली मला गेले चार दिवस तसा ताजा भुसा दिसतो आहे. वरचे भोक अजून पुरते खोल झालेले नाही, कारण काल सकाळी आत शिरलेल्या पक्ष्याची शेपटी बाहेरच राहिली होती.

सोबत काटेसावरीखाली गळून पडलेल्या एका फुलाचे आणि त्याच्या पाकळ्यांत शिरलेल्या मुंग्यांचे छायाचित्र पाठवीत आहे. छापण्याजोगे वाटल्यास जरूर छापावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, दांडिया बाजार, वडोदरा