टेप धरायची कुठे, तेही छापा

महोदय,

आरोग्याच्या सदरांत हल्ली ‘वजनकाटा विसरा, इंच मोजा’ हा सल्ला वरचेवर वाचायला मिळतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. टेप नेमकी कुठे धरायची हे सांगितलं जात नाही आणि काट्यापायी होणारा मनस्ताप तेवढा टेपवर येतो.

काटा फसवतो तो मुख्यतः पाण्यामुळे. पिष्टमय पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की हा साठा पाण्यासकट घटतो, पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस खूश होतो. त्यात चरबी थोडीच असते. खारट खाणं, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांनी काटा उलट वर चढतो.

आता टेप. शिवणकामाची कापडी टेप वापरून सैल पडते; फायबरग्लासची घ्यावी आणि अधूनमधून स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहावी. कंबर बहुतेक जण बेंबीवर मोजतात, काही तर पँटच्या पट्ट्यावर. पोट उतरू लागलं की बेंबीही जागा बदलते, मग आधीच्या आकड्याशी तुलना कशाची करणार? कुशीत सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनने खूण करा. टेप त्या खुणेवरून न्यायची. पावलं किंचित फाकलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं, श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढलं तर मोजणं वाया. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. पाठीमागे ती हमखास घसरते, म्हणून आरशात पाहून जमिनीला समांतर आहे ना हे बघावं. दोनदा मोजून 1 सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर पुन्हा मोजावं.

नितंब जिथे सर्वांत रुंद तिथे. दंडासाठी खांद्याच्या हाडाचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य, हात सैल सोडून. मांडीसाठी जांघेची घडी ते गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांचा मध्य. व्यायामानंतर लगेच मोजू नये, रक्तपुरवठा वाढून स्नायू तात्पुरते फुगलेले असतात. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, दोन आठवड्यांतून एकदा मोजलं की पुरे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक टेप धरण्यातल्या कमी-जास्तपणानेही पडतो, त्यावर आनंद नको आणि खेदही नको.

एकटी कंबरही पुरत नाही. कंबर उतरली, दंड-मांडी जिथल्या तिथे आणि वजनही तेच, तर बहुधा चरबी जाऊन स्नायू आले आहेत. दंड-मांडी कंबरेच्याच वेगाने बारीक होत असतील आणि उचलायची वजनंही जड वाटू लागली असतील, तर स्नायू झिजत असल्याचा संशय घ्यावा. खाणं फार तोडलंय का, प्रथिनं पुरतात का, हे पाहावं. ढोबळ हिशेब हवा असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी: उंची 160 सेंटिमीटर, तर कंबर 80 च्या आत.

यापुढे असा सल्ला छापताना शेजारी एक रेखाचित्र द्यावं, बरगडी, कमरेचं हाड आणि मधली खूण दाखवणारं. एका स्तंभाच्या रुंदीत ते सहज मावेल.

– एक व्यायाम प्रशिक्षक